हातानं चालणारा टिल्लू

श्रावणात उघाड पडली तेव्हा टाकळीच्या शिवारात कपाशीच्या पऱ्हाटीपेक्षा गवतच उंच झालं होतं. आषाढभर कुणाला वावरात पाय घालता आला नव्हता. आता ऊन पडलं, वाफसा आला आणि साऱ्या गावाला एकदमच तणाची डवरणी आठवली. बैल राहिले होते मोजक्या घरी, आणि ज्यांच्याकडे होते त्यांची मिजास वाढली होती. निंदणाच्या बाया ज्याचा ऑटो आधी येईल त्याच्या वावरात जात. अशा दिवसांत नांदगाव खंडेश्वरच्या अब्दुल गफ्फार मिस्त्रीच्या अंगणात माणसांची रीघ लागायची.

गफ्फार टिल्लू बनवायचा. हे नाव लोकांनीच दिलेलं. भंगारातल्या मालवाहू ऑटोचं डिझेल इंजिन, जुन्या जीपचा गिअरबॉक्स आणि त्यानं स्वतः जोडलेली चौकट, असा छातीएवढ्या उंचीचा ट्रॅक्टर तो घरच्या अंगणात उभा करायचा. निंबाच्या फांदीला चेनपुली टांगलेली, टिनाच्या छपराखाली वेल्डिंगचं मशीन आणि सगळीकडं लोखंड. घरात जायचं तर त्याच्या बायकोला, आयशाबीला गिअरबॉक्स ओलांडून जावं लागे. मोठा ट्रॅक्टर जिथं शिरत नाही तिथं, संत्र्याच्या झाडाखालून, तुरीच्या तासातून, दोन ओळींमधून, टिल्लू जायचा. कुणाला सीट खाली पाहिजे, कुणाला मागं फवारणीची टाकी. शिंपी अंग पाहून कापड बेततो तशी गफ्फार माणूस पाहून गाडी बेतायचा.

टाकळीच्या खुशालरावाचा कुलदीप त्या दिवशी सकाळीच टिल्लू घेऊन आला. तिशीतला उंचापुरा गडी, बोलताना हात हलवायची सवय.

"चाचा, हे पऱ्हाटीत घुसतच नाही. दोन्हीकडची झाडं मोडते. चाकं आत घ्या."

"तास कावून एवढे जवळ धरले?"

"धरले आता. उपटून टाकू काय?"

गफ्फारनं चाकावर हात ठेवला. "चाकं आत घेतली का गाडी उभी राहत नाही बाप्पा. तुया वावराले ओढ्याकडं उतार हाय. पलटी खाईन."

"मी काय लहान पोट्टा हाओ? हयूहयू चालवतो."

"नाही."

कुलदीप हसला. बाकीची माणसं ऐकत होती, त्यांच्याकडं पाहून म्हणाला, "बडनेऱ्याचा एक मिस्त्री देते म्हने करून. तुमचं वय झालं असन त सांगा चाचा, त्यात लाज कायची?"

तो चिडवत होता, मनात काही नव्हतं. पण गफ्फारच्या कानशिलाला ते लागलं. चाळीस वर्षं लोखंडात काढलेला माणूस, आणि बडनेऱ्याचा तो मिस्त्री म्हणजे त्याच्याच हाताखालून गेलेला पोरगा. त्यानं खडू उचलला.

त्याचा मुलगा फरदीन टेप धरून होता. तो हळूच म्हणाला, "अब्बा, ये पलट जाएंगी. मत करो."

"तू टेप पकड."

दोन्ही बाजूंनी वीत वीत एक्सल कापला. दुपारपर्यंत वेल्डिंग झालं, चाकं आत आली. गफ्फारनं स्वतः टिल्लू अंगणाबाहेर काढून रस्त्यावर फिरवला. वळताना आतल्या बाजूचं चाक जरासं हलकं झालं. डोळ्यांना ते दिसलं नसतं, पण बसल्या जागी कमरेला कळलं. गाडी परत लावून तो उतरला. तेव्हाच नाही म्हणायचं होतं. तो एवढंच म्हणाला, "धुऱ्यावर, बांधापाशी, बसून वळवू नको. उतरून, हातानं ओढून वळवजो."

"हो हो," म्हणत कुलदीप निघून गेला.

पोळ्याच्या आधीची गोष्ट. वावर बहुतेक डवरून झालं होतं. कुलदीपची बायको सीमा बायांबरोबर त्याच वावरात निंदत होती. ओढ्याकडच्या धुऱ्यावर कुलदीप पोहोचला. उतरला नाही, बसल्या बसल्याच वळवलं. ओल्या मातीत खालचं चाक रुतलं, वरचं उचललं, आणि टिल्लू त्याला घेऊन ओढ्यात गेला. बाया धावल्या तेव्हा इंजिन चालूच होतं, वरचं चाक हवेत फिरत होतं. सहा-सात बायांनी मिळून गाडी उचलली आणि त्याला ओढून काढलं. ओढायला नको होतं, पाठीचा कणा दुखावलेल्या माणसाला सरळ फळीवर घ्यायचं असतं, असं नंतर दवाखान्यात कुणीतरी सीमाला सांगितलं. ते तिला सांगायची काही गरज नव्हती.

गफ्फार अमरावतीला दवाखान्यात गेला. खुशालराव कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून खाली बसला होता, पायांजवळ टोपी. गफ्फारला वाटलं, आता हा उठेल, गचांडी धरेल. वाटेत त्यानं स्वतःला त्यासाठी तयार केलं होतं. खुशालरावानं मान वर केली आणि म्हणाला, "बसा गफ्फारभाऊ. चहा घेतला काय?"

गफ्फार बसला. चहा आला. तो त्याला गिळवेना, आणि टाकताही येईना.

गावात तोंडावर कुणी काही बोललं नाही. पण अंगणातली रीघ थांबली. अर्ध्यावर आलेला टिल्लू एकानं ट्रॉलीत घालून नेला, "घरीच करून घेतो" म्हणून. ज्यांचे टिल्लू चालत होते ते पाना मागायलाही येईनात. दिवाळीच्या सुमाराला फरदीननं अमरावतीच्या एका गॅरेजात काम धरलं. जाताना त्यानं बापाला सलाम केला नाही की तो भांडला नाही. आईला म्हणाला, "यहाँ अब कुछ नहीं रहा, अम्मी," आणि बॅग घेऊन गेला. त्यानं सांगितलं होतं, आणि सांगूनही टेप धरला होता. दोघांच्याही मनात तेच होतं आणि दोघांनीही ते काढलं नाही.

कुलदीप घरी आल्याचं कळलं तेव्हा गफ्फार टाकळीला गेला. ओसरीत खाट होती. कुलदीपचे खांदे तेच होते, पण चादरीखाली पाय होते की नव्हते असं वाटावं इतकी चादर सपाट पडली होती. खाटेच्या कडेला लघवीची पिशवी लोंबत होती. सीमानं एका हातानं त्याचा खांदा, एका हातानं कंबर धरून त्याला कुशीवर केलं, कमरेखालची जखम धुतली, पावडर टाकली. गफ्फार बाहेर पाहत राहिला. तिनं त्याला पाणी विचारलं नाही.

"चाचा," कुलदीप भिंतीकडं तोंड करूनच म्हणाला, "हातानं चालवता येईन असा करता काय टिल्लू? क्लच-बिरेक सारं हातात. पाय लागलेच नाही पाहिजेत."

सीमा गफ्फारला म्हणाली, "उगाच त्याहिच्या डोक्यात काही भरवू नका."

"ते कायले भरवतीन? मीच म्हनून राहिलो ना," कुलदीप म्हणाला. "करता काय चाचा?"

"करतो," गफ्फार म्हणाला. म्हणून बसला, आणि मग त्याला कळलं की आपण काय म्हणालो.

ओढ्यातून काढलेला टिल्लू कुणाच्या तरी बैलबंडीवर घालून नांदगावला आला. चौकट मुडपलेली, मडगार्ड चेपलेलं, आत वाळलेला चिखल. गफ्फारनं तो सगळा खोलून काढला. एक्सल आता पहिल्याहून रुंद केला, दोन माणसं लटकली तरी हलणार नाही असा. हाताखाली कुणी नव्हतं. पाइप धरायला आयशाबी यायची. ओढणी डोळ्यांवर घेऊन, मान फिरवून ती पाइप धरून उभी राहायची, तो टाका मारायचा. ठिणगी हातावर उडाली तरी ती पाइप सोडत नसे.

"कितना करेंगे?" ती एकदा म्हणाली. "पैर तो नहीं आएंगे उसके."

"गाडी तो चलेंगी."

कुलदीपचा रोज फोन यायचा. व्हिडिओ लावून तो एकेक नट पाहायचा. "चाचा, डाव्या हातात क्लच, उजव्यात बिरेक. मंग इश्टेरिंग कोन धरन?" यावर दोघांनी आठ-पंधरा दिवस घातले. गफ्फारनं इश्टेरिंगवर मुठीत मावेल असा एक लाकडी गठ्ठू बसवला, एका हातानं फिरवता यावं म्हणून. क्लच दाबलेला राहावा म्हणून दांड्याला खाच पाडायची युक्ती मात्र कुलदीपला सुचली, खाटेवर पडल्या पडल्या. ती युक्ती जमली त्या दिवशी तो फोनवर इतका ओरडला की आयशाबी घरातून बाहेर आली.

"ओढ्यात पडल्यापासून पहिल्यांदाच जेवला नीट," खुशालराव बाजारात भेटला तेव्हा म्हणाला. "खाटेवर काठी धरून क्लच दाबते लेकाचा. आढ्याले दोर बांधला, त्याले लोंबकयते. दंड पाहा त्याचे आता."

गफ्फारलाही भूक लागायला लागली होती. सकाळी उठला की हात आपोआप पान्याकडं जायचा. अंगणात बसून तो डावा हात क्लचसारखा मागं ओढायचा, उजवा पुढं. पाय आपण कुठं ठेवले ते विसरायचा, मग दांडा कुठं यायला पाहिजे ते बरोबर कळायचं. एका भंगार जीपची पाठीची सीट आणून बसवली. तिला खाटेच्या निवारीचा पट्टा लावला. पायांसाठी एक सपाट पत्रा टाकला.

माघात पऱ्हाट्या उपटून झाल्या, वावर मोकळं झालं, तेव्हा टिल्लू टाकळीला नेला. सकाळची कोवळी उन्हं होती. रस्त्यावर गावची माणसं थांबली. गफ्फार आणि खुशालरावानं कुलदीपला बंडीवरून उचलून सीटवर बसवलं. निवारीचा पट्टा आवळला, वरून खुशालरावाचा शेला छातीला गुंडाळला. सीमानं त्याचे पाय एकेक करून पत्र्यावर ठेवले, पायजमा घोट्यापर्यंत ओढून घेतला.

"सोडा आता," कुलदीप म्हणाला. "हात काढा सारेजन."

क्लच खाचेतून सुटला. टिल्लूनं एक हिसका दिला आणि तो निघाला. मागं वखर होता. काळ्या मातीत सरळ पट्टा पडत गेला. वावराच्या टोकाशी कुलदीपनं क्लच ओढला, खाचेत अडकवला, गठ्ठू धरून इश्टेरिंग फिरवलं आणि गाडी वळून आली. तो ओरडत होता. काय ते कळत नव्हतं, नुसताच आवाज. खुशालराव धुऱ्यावर बसला आणि टोपीनं तोंड पुसू लागला. रस्त्यावरच्या कुणीतरी शिटी मारली. गफ्फार गाडीबरोबर चालत होता, एक हात मडगार्डवर.

"अजून एक चक्कर!"

"बस झालं," सीमा म्हणाली.

"एक फक्त. एकच!"

ती चक्कर झाली. आणखी एक झाली. सीमा पाण्याचा गडू घेऊन गाडीजवळ आली आणि मध्येच थांबली. "जयल्यासारखा वास कायचा येते?"

गफ्फारनं नाक वर केलं. क्लचप्लेट जळाली असेल म्हणून तो वाकला, हौसिंगला हात लावून पाहिला. गरम होतं, पण जळण्याइतकं नाही. वायरिंग पाहिली. कुलदीप वर बसून हसत होता. "प्लेट गेली काय चाचा? जाऊ द्या, दुसरी टाकू."

गडू सीमाच्या हातून पडला. ती पुढं धावली आणि कुलदीपचा उजवा पाय तिनं दोन्ही हातांनी उचलला. हिसक्यांनी तो पत्र्यावरून कधी घसरला होता कुणास ठाऊक. पोटरी सायलेन्सरला टेकून होती. पायजम्याचं कापड काळं पडून कातडीला चिकटलं होतं. तिनं पाय ओढला तसं कापड तिकडंच राहिलं, आणि त्याच्याबरोबर कातडीही.

"काय झालं?" कुलदीप विचारत होता. "काय पाहून राहिले सारे? मले त काहीच नाही होऊन राहिलं."

पट्ट्यानं बांधलेला असल्यामुळं त्याला खाली वाकून पाहता येत नव्हतं. तो प्रत्येकाच्या तोंडाकडं पाहत होता. हळूहळू त्याचं हसणं गेलं.

गफ्फार तिथंच ढेकळावर बसला. एवढे महिने त्यानं त्या पोराच्या हातांचाच विचार केला होता. कोपर कुठं येईल, मनगट किती वळेल, बोटं कुठं पुरतील. पायांचा विचार मनात आलाच नाही. जे चालत नाहीत त्यांना काय लागणार आहे, असं त्यानं ठरवलंही नव्हतं, ते आपोआप ठरून गेलं होतं. इंजिन अजून चालू होतं. बंद करायचं कुणाला सुचेना. शेवटी कुलदीपनंच हात लांब करून ते बंद केलं.

जखम भरली नाही. कमरेखालच्या जखमा भरत नव्हत्या, ही कशी भरणार होती? फाल्गुनात ताप चढला. होळीनंतर अमरावतीच्या डॉक्टरांनी उजवा पाय गुडघ्याच्या वरून काढला.

खुशालराव टिल्लू परत आणून टाकायला आला. अंगणाच्या तोंडाशीच उभा राहिला, आत आला नाही. "गफ्फारभाऊ, आता तुमी तिकडं येऊ नका," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "तुमचं वाईट नाही म्हनत मी. पन तुमी आले का त्याले आशा लागते."

गफ्फारनं मान हलवली. आयशाबी आत जाऊन पाणी घेऊन आली, तोवर खुशालराव गेला होता.

पण कुलदीपचे फोन येतच राहिले. दवाखान्यातून पहिला फोन आला तो पाय काढल्यानंतर लगेचच. "चाचा, सायलेन्सर वरून काढा. इंजिनाच्या डोक्यावरून, सीधा आभायाकडं. अन आता एकच पाय हाय, त्याले पेटीच करा टिनाची. मंग बसतो."

"हो," गफ्फार म्हणाला.

"करता ना?"

"करतो बाप्पा."

त्यानं केलं नाही. टिल्लू निंबाखाली उभा राहिला. त्याच्यावर निंबाचा मोहर पडला, मग निंबोळ्या पडल्या. चैत्र गेला, वैशाख गेला. फोन आला की गफ्फार सांगायचा, पाइप आणायचा आहे, वेल्डिंगचं मशीन बिघडलं आहे, लाइन नाही. कुलदीप ऐकून घ्यायचा. पूर्वी नटाचा नंबर विचारणारा पोरगा आता पाइप कुठून आणणार एवढंही विचारत नसे.

ज्येष्ठातल्या एका दुपारी सीमा एसटीनं नांदगावला आली. उन्हानं चेहरा रापलेला, पदर डोक्यावरून ओढलेला. आयशाबीनं खाट टाकली, पाणी दिलं. तिनं ते प्यायलं, आणखी मागितलं. मग गफ्फारकडं न पाहता टिल्लूकडं पाहून म्हणाली, "चाचा, ते हातातलं काढा. पायाचं लावा. मले चालवाचं हाय."

गफ्फारनं टिल्लूवरच्या निंबोळ्या हातानं झाडल्या.

"बाबांच्यानं आता वखर धरवत नाही. बैल नाही. पेरन्या तोंडावर हायेत. कोनाच्या दारात किती उभं राहू मी?"

"कुलदीपले सांगतलं?"

"नाही. तुमीही सांगू नका. ते खाटेवर काठी धरून बसते अजून. रोज. क्लच दाबते. मी पायते अन बाहेर जाते."

सीटवर बसवून पाहिलं तर तिचे पाय पोहोचत नव्हते. ठेंगणी बाई, गाडी कुलदीपच्या मापाची. गफ्फारनं टेप आयशाबीच्या हातात दिला. टाचेपासून गुडघ्यापर्यंत, गुडघ्यापासून कमरेपर्यंत, आयशाबीनं माप घेतलं. तो पाठ फिरवून खडूनं फरशीवर लिहीत गेला. कोणता पाय कुठं टेकेल, साडी कशात अडकेल, सारं तो विचारत होता. सीमा तुटक उत्तरं देत होती. पेरणीच्या आत गाडी घेऊन जाईन म्हणाली आणि उन्हातच स्टँडकडं निघाली. आयशाबी तिच्यामागं छत्री घेऊन गेली.

गफ्फारनं ग्राइंडर जोडला. क्लचचा दांडा पहिल्यांदा कापला. दोघांनी इतके दिवस डोकं घालून केलेली ती खाच, तो दांडा, ठिणग्यांत लाल झाला आणि खणकन खाली पडला. त्यानं तो उचलून बाजूला ठेवला. मग फोन वाजला.

"चाचा, काय चालू हाय?"

"काही नाही बाप्पा. सायलेन्सर वर घेऊन राहिलो."

"व्हिडिओ लावा."

"हात काळे हायेत रे."

पलीकडून खाटेच्या दोरीची करकर ऐकू आली, तो कुशीवर व्हायचा प्रयत्न करत असावा.

"सीमा नांदगावले गेली," कुलदीप म्हणाला. "बाबा म्हने बाजाराले गेली. आज कोनचा बाजार हाय नांदगावात?"

गफ्फारनं फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला.

"कापला काय चाचा?"

"हो."

"दोन्ही?"

"क्लचचा झाला. बिरेकचा राहिला."

फोन बंद झाला असं वाटून गफ्फारनं तो समोर धरून पाहिला. चालूच होता.

"क्लचचा स्प्रिंग जड हाय," कुलदीप म्हणाला. आवाज नेहमीसारखाच होता, फक्त हळू. "माया दंडाच्या मापानं टाकला होता आपन. तिच्या पायाले दिवसभर झेपनार नाही. हलका टाका."

"टाकतो."

"बरं."

गफ्फार वाट पाहत राहिला. कुलदीपनं फोन ठेवला नाही. त्यालाही ठेवता आला नाही. त्यानं तो तसाच टिल्लूच्या सीटवर ठेवला, चष्मा लावला आणि ग्राइंडरचं बटण दाबलं. ब्रेकचा दांडा जाड पाइपाचा होता, कापायला वेळ लागत होता. आयशाबी छत्री मिटत अंगणात आली तेव्हा तो कापतच होता, आणि सीटवर फोन चालू होता.